‘४७ टक्के’ वेग आणि मुका स्पीकर

प्रश्न : मी एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला. इंटेल कोअर आय-फाइव्ह २४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्डडिस्क. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स मिंट २२ घालून दिले. दोन अडचणी आहेत. विकणाऱ्याने प्रोसेसर ३.१ गिगाहर्ट्झचा सांगितला होता, पण संगणक १६०० मेगाहर्ट्झ दाखवतो आणि एका ओळीत तर ‘४७%’ असे येते. सुरू व्हायला आणि ब्राउझर उघडायला फार वेळ लागतो. प्रोसेसर निम्म्याच वेगाने चालतोय का? दुसरे म्हणजे, मागच्या हिरव्या जॅकला लावलेल्या स्पीकरमधून काहीच आवाज येत नाही. विंडोजवर येत होता. भाचा म्हणतो, सगळे पुसून दुसरे लिनक्स टाकू. टाकावे का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : पुसू नका. दुसरे लिनक्स घातले तरी कर्नल जवळपास तेच असणार, हार्डडिस्क तीच, आवाजाची चिप तीच. एक अख्खा रविवार जाईल आणि दोन्ही तक्रारी जागच्या जागी राहतील. लिनक्सची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : आत काय चालले आहे हे ते लपवत नाही. नीट विचारले तर संगणक स्वतःच सांगतो. म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी थोडी विचारपूस करू. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून टाइप करायच्या.)

आधी ते ४७ टक्के. भाच्याने ‘एलएससीपीयू’ ही कमांड चालवली असणार. मिंट २२ मध्ये तिची जी आवृत्ती येते, ती प्रोसेसरचा त्या क्षणाचा वेग टक्क्यांत दाखवते. टक्के कशाचे? तर प्रोसेसर जास्तीत जास्त ज्या वेगाला जाऊ शकतो, त्याचे. तुमच्या आय-फाइव्ह २४०० चा छापील वेग ३.१ गिगाहर्ट्झ आहे. पण काम एखाद्याच कोअरवर असेल, तर टर्बो बूस्टने तो ३.४ पर्यंत जातो. किमान वेग १.६. आता १६०० ला ३४०० ने भागून पाहा, ४७ टक्केच येतात. म्हणजे संगणकाने तुम्हाला एवढेच सांगितले की, कमांड चालली त्या क्षणी प्रोसेसरच्या हाती काम नव्हते आणि तो किमान वेगावर थांबला होता. विकणाऱ्याने फसवलेले नाही.

हे असे का, तेही समजून घ्या, कारण यावरून अनेक चांगली यंत्रे बदनाम होतात. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरला बोर्डाकडून १०० मेगाहर्ट्झचा एक मूळ ठोका मिळतो आणि त्याला एका आकड्याने गुणून वेग ठरतो. हा गुणक १६ पासून ३४ पर्यंत खालीवर होतो. गुणक उतरला की व्होल्टेजही उतरवता येते, आणि प्रोसेसरचा वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे वेग जितका घटतो त्याहून वीज जास्त वाचते, उष्णताही तितकीच कमी होते. इंटेलने हे तंत्र स्पीडस्टेप या नावाने २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये आणले. पुढे एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये ‘कूल अ‍ॅण्ड क्वाएट’ नावाने तसेच केले, आणि ते डेस्कटॉपवर रुळले. आज वेग खालीवर न करणारा घरगुती संगणक सापडणे कठीण.

गुणक कधी वाढवायचा हे लिनक्समध्ये गव्हर्नर ठरवतो. तुमच्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर नवे कर्नल साधारणपणे ‘शेडयूटिल’ हा गव्हर्नर वापरते. कुठल्या कोअरवर किती काम आहे हे शेड्यूलरकडून घेऊन तो वेग ठरवतो. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर पाहाल, तर तिथे बहुधा ‘पॉवरसेव्ह’ दिसेल. त्यालाही घाबरू नका. इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमध्ये ‘पॉवरसेव्ह’ असतानाही गरजेप्रमाणे वेग पुरता वर जातो. जुन्या ड्रायव्हरमध्ये मात्र त्याच नावाचा गव्हर्नर वेग तळाला खिळवून ठेवतो. एकच नाव आणि दोन वेगळी वागणूक, यामुळे लिनक्सवर येणारे भले भले लोक गोंधळतात आणि दिसेल तिथे ‘परफॉर्मन्स’ करून टाकतात. तसे केल्याने काही बिघडत नाही. पण रिकाम्या संगणकावर ३४०० चा आकडा पाहण्यापलीकडे तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही, वीज आणि पंख्याचा आवाज मात्र वाढेल.

खरी परीक्षा काम देऊनच होते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘स्ट्रेस-एनजी’ हे छोटे पॅकेज बसवा, चारही कोअर राबतील असे ते दहा मिनिटे चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ पुन्हा पुन्हा पाहत राहा. आकडा ताबडतोब नव्वदच्या वर जायला हवा. चारही कोअरवर ताण असताना ३.४ मिळणार नाही, ३.१ ते ३.२ च्या दरम्यान वेग राहील, आणि तेच योग्य आहे. दहा मिनिटे तो टिकला, तर प्रोसेसरचा विषय तिथेच संपला.

आकडा वर जाऊन काही मिनिटांनी कोसळला, तर कारण उष्णता. आणि अकोल्यात राहून हा मुद्दा हलका घेऊ नका. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त उष्णता हवेच्या हवाली करतो. डिसेंबरात खोलीचे तापमान २२ अंश असते आणि मे महिन्यात ४०. म्हणजे तेच काम, तोच पंखा, पण प्रोसेसर जवळपास १८ अंशांनी जास्त तापणार. थंडीत विनातक्रार चाललेले मशीन उन्हाळ्यात रखडते ते यामुळे. ‘सेन्सर्स’ ही कमांड तापमान सांगते. तुमच्या प्रोसेसरची वरची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास आहे. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कापतो आणि कर्नल आपल्या नोंदवहीत ‘क्लॉक थ्रॉटल्ड’ अशी ओळ लिहिते. ‘डीएमईएसजी’ चालवून ती ओळ शोधा. सापडली, तर सॉफ्टवेअरमध्ये काहीही शोधत बसू नका.

कॅबिनेट उघडा, अर्थातच वायर काढून. कार्यालयात वर्षानुवर्षे टेबलाखाली राहिलेल्या मशीनच्या हीटसिंकमध्ये धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असतो, आणि पंख्याच्या खाली असल्यामुळे वरून तो दिसत नाही. ब्लोअरने साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. हीटसिंक चार पिनांवर दाबून बसवलेला असेल, तर चारही पिना खालपर्यंत बसल्या आहेत का, हे बोर्डाच्या मागून पाहा. एक पिन उचललेली असली तरी हीटसिंक तिरका होतो आणि तापमान लगेच चढते. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट वाळून पापडी झालेली असणार. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध लावा. थर जाड झाला की उष्णता उलट अडते.

काम देऊनही वेग १६०० च्या वर जातच नसेल, तर गव्हर्नर तपासा आणि मग बायोसमध्ये जाऊन स्पीडस्टेप व टर्बो चालू आहेत का ते पाहा. बायोसचा सेलही जुना असेल. संगणक दर वेळी भलतीच तारीख दाखवत असेल, तर तो संपला आहे. सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की बायोसमध्ये केलेले बदल पुसले जाऊन कारखान्यातली मांडणी परत येते. पेंटियम फोरच्या काळात याचा फटका थेट वेगाला बसायचा. १३३ चा मूळ ठोका काही बोर्डांवर १०० ला यायचा आणि १८ चा गुणक असलेला २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.८ वरच चालायचा. तुमच्या पिढीत हा घोळ उरलेला नाही. ते जुने उपाय कुणी सुचवले, तर बाजूला ठेवा.

पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ वेगळीच आहे : ५०० जीबीची हार्डडिस्क. सुरू व्हायला वेळ, ब्राउझर उघडायला वेळ, आणि एकदा उघडला की ठीक. असे होत असेल, तर दोषी प्रोसेसर नाही, डिस्क आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कला इकडची तिकडची एखादी छोटी फाइल गाठायला दहाएक मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला शंभरच्या आसपास अशी कामे. साधी एसएसडी त्याच एका सेकंदात हजारो कामे उरकते. ब्राउझर उघडताना अशा असंख्य छोट्या फाइली वाचल्या जातात आणि तोवर तुमचा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. ‘टॉप’ ही कमांड लावून ब्राउझर उघडा. वरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’ या अक्षरांपुढचा आकडा बराच वर गेला, तर ती हीच वाट पाहण्याची वेळ आहे. खिशाला परवडेल ती २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी घ्या आणि मिंट तिच्यावर घाला. हार्डडिस्क फोटो आणि कागदपत्रांसाठी आतच राहू द्या. या मशीनवर जो काही खर्च करायचा आहे तो इथे करा. ८ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरेशी आहे.

आता आवाज.

एक शंका आधीच दूर करतो, कारण दोन तक्रारी एका पत्रात आल्या की त्यांचे नाते जोडले जाते. प्रोसेसर १.६ वर असल्यामुळे आवाज बंद पडत नाही. आवाजाचे दर सेकंदाला ४८,००० नमुने लागतात. ते १०२४ च्या गठ्ठ्याने दिले, तर प्रत्येक गठ्ठ्यासाठी २१ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुमारे ३ कोटी ४० लाख ठोके घेतो. गाणे वाजवायला याचा अगदी लहान अंश पुरतो. प्रोसेसर अगदीच गुदमरला, तर आवाज तुटक येईल, चरचरेल. पूर्ण शांतता असेल, तर कारण दुसरीकडे आहे.

विंडोजवर आवाज येत होता, हा तुम्ही दिलेला फार उपयोगी पुरावा आहे. त्याने चिप, जॅक, वायर आणि स्पीकर निर्दोष ठरतात. उरते ती मांडणी. सेटिंग्जमध्ये ‘साउंड’ उघडा आणि आउटपुटच्या यादीत काय आहे ते पाहा. तिथे फक्त ‘डमी आउटपुट’ असेल, तर लिनक्सला आवाजाचे यंत्रच सापडलेले नाही. अशा वेळी बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ चालू आहे का ते बघा.

पण माझा अंदाज वेगळा आहे. तुमचा मॉनिटर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या वायरने जोडलेला असेल आणि त्याला हेडफोनचा जॅक असेल, तर तो संगणकाला ‘मी आवाजही घेतो’ असे कळवतो. मग लिनक्स आवाज मॉनिटरकडे पाठवते, तिथे ऐकायला कोणीच नसते. ‘एप्ले’ लिहून एक जागा सोडून ‘-एल’ जोडा. यादीत तुमच्या बोर्डाचे ‘पीसीएच’ नावाचे कार्ड येईल. त्यात रिअलटेक चिपची ‘अ‍ॅनालॉग’ अशी एक ओळ आणि ‘एचडीएमआय’ अशी दुसरी असेल. दोन्ही ओळी दिसल्या, तर ड्रायव्हरचे काम चोख झाले आहे, फक्त वाट चुकली आहे. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हे छोटे ॲप बसवा, त्याच्या ‘कॉन्फिगरेशन’ पानावर जा आणि प्रोफाइल ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ निवडा. बहुतेक घरांत आवाज इथेच परत येतो.

नाही आला, तर टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा. उघडल्यावर एकच पट्टी दिसेल, तिच्यावर थांबू नका. एफ ६ दाबून खरे कार्ड निवडा, मग चिपच्या सगळ्या पट्ट्या समोर येतील : मास्टर, हेडफोन, फ्रंट, लाइन आउट. एखाद्या पट्टीखाली ‘एम एम’ लिहिले असेल, तर ती बंद आहे. एम हे बटण दाबले की ती उघडते. सगळ्यांत उजवीकडे सरकत जा. तिथे ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाची पट्टी असते, आणि हिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितलेच पाहिजे, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही.

हेडफोन लावला की मागचे स्पीकर आपोआप बंद व्हावेत, म्हणून ही सोय आहे. त्यासाठी समोरच्या जॅकमध्ये पिन आली की नाही, हे चिपला कळावे लागते. ही खूण कॅबिनेटच्या पुढच्या भागातून बोर्डापर्यंत येणाऱ्या वायरीतून येते. जुन्या कॅबिनेटमध्ये या वायरीला बऱ्याचदा दोन तोंडे असतात : एकावर ‘एचडी ऑडिओ’, दुसऱ्यावर ‘एसी ९७’. एसी ९७ हे १९९७ सालचे मानक. २००४ मध्ये इंटेलच्याच हाय डेफिनिशन ऑडिओने त्याची जागा घेतली, तरी कॅबिनेट बनवणारे पुढे कितीतरी वर्षे दोन्ही तोंडे देत राहिले. जोडणाऱ्याने चुकीचे तोंड लावले किंवा बायोसमध्ये पुढच्या पॅनेलचा प्रकार चुकीचा निवडलेला असला, तर चिपला कायम वाटत राहते की हेडफोन लावलेला आहे, आणि ती मागचा हिरवा जॅक बंद ठेवते. विंडोजमध्ये रिअलटेकच्या प्रोग्रॅममधून पुढच्या जॅकची ही ओळख बंद करता येते. आधीच्या कुणीतरी ती केलेली असली, तर दोष तिथे झाकला गेला आणि लिनक्सवर उघडा पडला. ‘ऑटो-म्यूट मोड’ वर जाऊन बाणाच्या बटणाने ‘डिसेबल्ड’ करा. आवाज आला, तर सवडीने कॅबिनेट उघडून वायरही नीट करून घ्या.

आवाजाविषयी मिळणारे सल्ले पाळताना त्यांचा काळ पाहा. लिनक्सचा आवाज अनेक थरांतून गेलेला आहे. चिपशी बोलणारा अल्सा हा थर यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केला आणि २००३ अखेर आलेल्या २.६ कर्नलबरोबर तो सर्वत्र पोहोचला. अनेक प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा पल्सऑडिओ त्यावर आला. २०२१ मध्ये फेडोराने त्याच्या जागी पाइपवायर घेतले, २०२२ मध्ये उबुंटूने, आणि तुमच्या मिंट २२ मध्येही पाइपवायरच आहे. त्यामुळे ‘पल्सऑडिओ काढून टाका, पुन्हा घाला’ हा पंधरा वर्षे फिरत असलेला उपाय तुमच्या मशीनवर करू नका. चालू असलेली व्यवस्था त्याने मोडेल. आवाजाची व्यवस्था अडकली आहे असे वाटले, तर लॉग-आउट होऊन परत आत या, तेवढे पुरते.

एवढे करूनही शांतताच असेल, तर ‘अल्सा-इन्फो’ ही कमांड चालवा. तिच्या अहवालातले चिपचे नाव आणि प्रत्येक जॅकची नोंद मला लिहून पाठवा. क्वचित बायोस जॅकची नोंदच चुकीची करतो. कर्नलमध्ये अशा बोर्डांची लांबलचक यादी दुरुस्तीसह ठेवलेली असते, त्यात तुमचा बोर्ड नसेल, तर ‘एचडीए जॅक रीटास्क’ या ॲपने कुठला जॅक कशासाठी हे आपण स्वतः ठरवू शकतो. विंडोज ११ च्या अटींत बसत नाही एवढ्याच कारणाने तुमच्यासारखी असंख्य धडधाकट मशीन आज भंगाराच्या वाटेवर आहेत. तुमचे त्यांत जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझ्या लिनक्स संगणकावर गाणे किंवा सूचनेचा आवाज सुरू होताना पहिला क्षण गिळला जातो आणि स्पीकरमधून ‘टक्’ असे ऐकू येते. मदरबोर्ड बिघडत चालला आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बोर्ड ठीक आहे. काही सेकंद आवाज नसला की वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर आवाजाची चिप झोपवतो. नवा आवाज आला की ती जागी होते. जागी होताना जे व्होल्टेज बदलते ते ‘टक्’ म्हणून ऐकू येते आणि तेवढ्या वेळातला आवाज हरवतो. काही बोर्डांवर हा त्रास इतका ठळक होता की, कर्नलमध्येच त्यांची यादी करून तिथे ही बचत बंद ठेवलेली आहे. तुमचा त्या यादीत नसावा. मोडप्रोबच्या फोल्डरमध्ये ‘कॉन्फ’ शेवटाची एक नवी फाइल करा आणि तिच्यात एकच ओळ लिहा : ऑप्शन्स, मग जागा सोडून एसएनडी_एचडीए_इंटेल, मग पॉवर_सेव्ह=०. संगणक पुन्हा सुरू करा. पाइपवायर असेल, तर तेही पाच सेकंदांनी आवाजाची वाट बंद करते, म्हणून गरज पडल्यास वायरप्लंबर या त्याच्या व्यवस्थापकाच्या मांडणीत ती मुदतही शून्य करा. डेस्कटॉपवर यामुळे वाढणारा वीजखर्च नगण्य आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवत असाल, तर मात्र आधी फक्त दुसरा बदल करून पाहा.